काळ्या ट्रंकेतले कागद

माजी सैनिकाच्या घरी पहिल्यांदा गेलो की आम्ही ट्रंक मागतो. पत्र्याची काळी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. सातारा-सांगलीकडच्या ज्या घरातून कुणी फौजेत गेलं आहे, त्या घरात ती असतेच. कुठे माळ्यावर, कुठे पलंगाखाली, कुठे धान्याच्या पोत्यांमागे. आत लोकरीची जर्सी, मेडलांची डबी, पलटणीचा ग्रुप फोटो आणि तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद: डिस्चार्ज बुक, पेन्शन देण्याचा आदेश म्हणजे पीपीओ, जुनं पासबुक, कँटीनचं कार्ड. नवऱ्यामागे त्या घरातल्या बाईचं सगळं आयुष्य या पिशवीवर अवलंबून असतं आणि बहुतेक वेळा तिने ती पिशवी कधी उघडलेली नसते. "त्यांचं हाय ते, मी कशाला हात लावू," असं म्हणणाऱ्या कितीतरी बायका मला भेटल्या आहेत.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत क्लार्क होतो. सगळी नोकरी कागदांतच गेली. पेन्शनवर येऊन गावी स्थिरावलो तेव्हा शेजारपाजारचे लोक कागद घेऊन यायला लागले. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही 'मेजर' म्हणतात, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून. "मेजर, एवढं बघा की," म्हणून सुरू झालेलं काम वाढत गेलं. पुढे आम्ही काही जण एकत्र आलो आणि छोटी संस्था नोंदवली. आमच्यात एक निवृत्त सुभेदार आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, मोबाइलवरची सगळी कामं करणारा कॉलेजातला एक मुलगा आहे आणि एक वीरपत्नी ताई आहेत. मी त्यांना ताई म्हणतो, वयाने त्या माझ्याहून लहान आहेत. पैसा आमच्याकडे फारसा नसतो. वर्गणी आणि ओळखीच्यांच्या देणग्या एवढ्यावर एसटीचं भाडं, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रांचा खर्च आणि अधूनमधून एखाद्या मुलाची फी भागते. पैसे वाटणारी संस्था समजून लोक येतात आणि आम्ही कागद मागतो तेव्हा जरा हिरमुसतात. पण आपल्या हक्काची पेन्शन सुरू झाली की त्या घराला कुणाच्याच देणगीची गरज राहत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता पहिल्याच भेटीत तसं स्पष्ट सांगतो.

सरकारी व्यवस्था नाही असं मुळीच नाही. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथले कल्याण संघटक तालुक्यांना जातात. सैनिकांच्या मुलांसाठी वसतिगृहं आहेत. २००३ साली ईसीएचएस ही आरोग्ययोजना आल्यापासून औषधपाण्याची सोय झाली. दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो. हा दिवस १९४९ पासून पाळला जातो आणि शाळेतली पोरं छातीला लावायच्या त्या छोट्या झेंड्यासाठी जे पैसे देतात, त्यातूनच पुढे कुणाच्या मुलीच्या लग्नाला, कुणाच्या शिक्षणाला, कुणाच्या म्हातारपणाला मदत होते. तरतुदी आहेत. अडतं ते तरतूद आणि उंबरठा यांच्यामध्ये. वाडीवरची बाई जिल्ह्याच्या गावी एकटी जात नाही. गेली तर कुठल्या खिडकीशी जायचं हे तिला ठाऊक नसतं आणि एक कागद कमी आहे म्हणून परत यावं लागलं की ती दुसऱ्यांदा जात नाही. तिच्याबरोबर दुसऱ्यांदा जाणं, हे आमचं काम.

इकडे एवढी फौजी घरं का, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा कमी पावसाचा पट्टा. शेतीवर घर चालत नव्हतं, म्हणून पोरगा भरतीला उभा राहायचा. मग चुलत्याच्या मागे पुतण्या, भावाच्या मागे भाऊ. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांच्या नावाने इंग्रज सरकारने तिथे स्मारक उभारलं. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, १९१६ साली तिथली फौज शरण गेली. त्या युद्धात गेलेल्यांच्या बायकांचं काय झालं असेल, हा विचार अपशिंग्याच्या त्या दगडापाशी उभं राहिल्यावर मला दरवेळी येतो. त्यांच्याकडे ट्रंकही आली नसेल. १९७१ च्या युद्धात महावीर चक्र मिळवून गेलेले पांडुरंग साळुंखे तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीचे. साताऱ्याची सैनिक शाळा देशातली पहिली, २३ जून १९६१ ला सुरू झालेली. १९६२ मध्ये चीनच्या युद्धाच्या धक्क्यात देशाने ज्यांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावून घेतलं, ते यशवंतराव चव्हाण देवराष्ट्रेत जन्मले आणि कराडात वाढले. अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे आणि तो मलाही वाटतो. पण या अभिमानाला एक दुसरी बाजू आहे. ती घराघरांत असते आणि तिचं भाषण होत नाही.

त्यातलं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे नावं.

आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत होती. माहेरची अनुसया सासरी येऊन इंदू व्हायची. नवरा फौजेत असेल तर लग्नाची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'ने त्याच्या कागदांत व्हावी लागते आणि त्या नोंदीत कोणतं नाव जाईल हे त्या दिवशी पलटणीत कोणता दाखला पोहोचला यावर ठरायचं. लग्नपत्रिकेवरचं माहेरचं नाव गेलं तर फौजेच्या लेखी ती अनुसयाच राहिली. इकडे रेशन कार्ड, मतदार यादी, पुढे आधार कार्ड, सगळीकडे इंदू. नवरा जिवंत असेपर्यंत कुणाच्या काही लक्षात येत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन पीपीओवरच्या अनुसयेला मंजूर असतं आणि दारात उभी असते ती इंदू. जन्मतारखेचं तसंच. शाळेत न गेलेल्या बाईची तारीख कुणीतरी अंदाजाने १ जून लिहिलेली असते, दुसऱ्या कागदावर नुसतं वर्ष असतं, तिसऱ्यावर दुसरंच वर्ष. नवऱ्याचं नावही एका ठिकाणी मारुती, दुसऱ्या ठिकाणी मारोती.

खटाव तालुक्यातल्या एका आज्जींचं प्रकरण मी कधी विसरणार नाही. नवरा पेन्शनर, १९७१ ची लढाई पाहिलेला. तो गेल्यावर पेन्शन बंद झाली आणि नावात फरक असल्याने कुटुंब निवृत्तिवेतन सुरूच होईना. पदरी सून आणि दोन नातवंडं, मुलगा आधीच गेलेला. गावातल्या दुकानदाराची उधारी वाढत चाललेली. घरच्यांनी बरीच धडपड केली होती, पण कुणी एक कागद सांगितला, कुणी दुसरा, आणि अखेर सगळे थकले. आम्ही गेलो तेव्हा आज्जी म्हणाल्या, "मेजर, आता नका खटाटोप करू. जगायचं किती राहिलंय माझं?"

दोन्ही नावं एकाच बाईची, हे सिद्ध करायचं होतं. शाळेचा दाखला नव्हताच. मग प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना, ग्रामपंचायतीचा दाखला आणि माहेरच्या कुणाचा तरी जबाब. माहेर माणमध्ये. तिथे आज्जींचे एक धाकटे भाऊ होते, तेही सत्तरीच्या पुढचे. निरोप मिळताच ते काठी टेकत एसटीने आले. तहसील कचेरीत आज्जींना त्यांच्या माहेरच्या नावाने पुकारलं तेव्हा त्या उठल्याच नाहीत. बाकावर शांत बसून राहिल्या. भावाने हाताला धरून सांगितलं, "अगं आक्का, तुलाच बोलावत्यात." ते नाव घेऊन हाक मारणारी माणसं एकेक करून गेली होती आणि सासरच्या साऱ्या आयुष्यात त्यांना त्या नावाने कुणी बोलावलंच नव्हतं.

पुढचा रस्ता लांबचा असतो. सैनिक कल्याण कार्यालयामार्फत कागद बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला जातात, तिथे मूळ नोंदीशी पडताळणी होते, मग प्रयागराजहून दुरुस्तीचा पीपीओ निघतो. या वाटेवर कुठे काही त्रुटी निघाली की कागद परत येतो, आणि तो परत आला हे त्या घराला कळावं लागतं. पत्ता जुना असेल तर पत्र भलत्याच ठिकाणी जातं. आम्ही प्रत्येक प्रकरणाची वही ठेवतो: कागद कुठल्या तारखेला गेला, पावती क्रमांक काय, कुणाशी बोलणं झालं. फौजेत शिकलेली ही सवय. आज्जींचं काम झालं आणि थकबाकी जमा झाली. त्यांनी पहिल्यांदा दुकानदाराची उधारी फेडली. नातीचा कॉलेजातला प्रवेश थांबला होता, तो त्यानंतर घेतला. "माझं किती राहिलंय" म्हणणाऱ्या आज्जी त्यापुढे बरीच वर्षं जगल्या.

हे सगळं नवऱ्याच्या हयातीत एका सुट्टीत होण्यासारखं होतं. एक अर्ज, दोन दाखले, पलटणीत एक नोंद. मला यात सगळ्यात जास्त चटका लागतो तो याचाच.

हयातीचा दाखलाही तसाच सोपा दिसतो. वर्षातून एकदा जिवंत असल्याचं सांगायचं. आता ते बोटाच्या ठशावर होतं. पण ज्या बाईने जन्मभर उसाची बांधणी केली, हळद काढली, खुरपं धरलं, तिच्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. यंत्र ठसा घेत नाही. माझ्यासमोर एका काकीने साडीच्या पदराला बोट पुन्हा पुन्हा पुसून ठेवलं आणि प्रत्येक वेळी लाल अक्षरं आली. त्या रडवेल्या झाल्या. आपलंच काही चुकतंय असं त्यांना वाटत होतं. आता मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, त्यामुळे आमच्याकडचा कॉलेजचा मुलगा गावोगाव फिरतो. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी तो आधी जातो. पेन्शनचं काम 'स्पर्श' या ऑनलाइन पद्धतीवर गेल्यापासून कागदांचा ढीग कमी झाला हे खरं, पण पासवर्ड मुलाच्या, पुतण्याच्या, नाहीतर नेट कॅफेवाल्याच्या डोक्यात राहिला तर त्या बाईच्या हाती पुन्हा काही नाही. म्हणून आम्ही मोबाइल नंबर तिचाच घालतो. घरातल्या कुणाला राग आला तरी तिचाच.

जवान गेल्यावरचं पहिलं वर्ष हे फार वेगळं आणि फार अवघड काम आहे. ते मी एकटा करूच शकलो नसतो. पार्थिव येतं तेव्हा पंचक्रोशी लोटते. 'अमर रहे'च्या घोषणा होतात, मंत्री-आमदार येतात, चौकात फलक लागतात. लोकांचं प्रेम खोटं नसतं, मी ते पाहिलं आहे. पण तेराव्यानंतर मांडव निघतो. ताई म्हणतात, "आपण चौदाव्या दिवशी जायचं." त्यांचे स्वतःचे यजमान गेले तेव्हा चौदाव्या दिवशी कुणी आलं नव्हतं.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं एक घर. मुलगा पंचवीस-सव्वीसचा, लग्नाला तीन वर्षं झालेली, मांडीवर लेकरू. सासू-सासऱ्यांची दोन एकर जिरायत जमीन. मुलाने भरती होताना ग्रुप इन्शुरन्सला आईचं नाव लावलं होतं, लग्न झाल्यावर ते बदलायचं राहून गेलं होतं. पेन्शन नियमाने पत्नीला जाते, पण इन्शुरन्सची रक्कम नामनिर्देशन ज्याचं त्याला. एका बाजूला आईच्या नावावर मोठी रक्कम, दुसऱ्या बाजूला सुनेच्या नावावर पेन्शन, आणि मध्ये गावभरचे सल्लागार. सुनेला माहेरचे म्हणायचे, "तू निघून ये." सासूला भावकीतले म्हणायचे, "ती उद्या दुसरं लग्न करून जाईल, मग काय कराल?" ज्या दोन बायकांनी एकमेकींना धरून रडायचं, त्या एका घरात दोन चुली करून राहायला लागल्या होत्या.

अशा ठिकाणी नियमाचं पुस्तक घेऊन गेलं की माणसं आणखी दूर जातात. मी आणि सुभेदार साहेब सोप्यात सासऱ्यांशी बोलत बसलो, ताई आत गेल्या. त्या पहिल्या दिवशी पैशाचा शब्द काढत नाहीत. बाळाला तेल लावतात, भाकऱ्या थापायला बसतात. मग हळूहळू सासूचा मुलगा गेला आहे, हे सुनेला ऐकायला लावतात आणि सुनेचा नवरा गेला आहे, हे सासूला. अनेक भेटींनंतर त्या घराने आपला आपण मार्ग काढला. आजीने नातवाच्या नावावर मुदत ठेव केली, स्वतःच्या औषधपाण्याला काही ठेवलं, आणि सुनेने दर महिन्याला सासऱ्यांच्या हातात ठराविक रक्कम द्यायचं कबूल केलं. कागदावर कुणाची सही घेतली नाही. गेली काही वर्षं ते चाललं आहे. सुनेने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं आणि आता ती नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करते. अभ्यासाला बसली की लेकराला सासू सांभाळते.

सगळीकडे असं होत नाही. काही घरं तुटली ती तुटलीच.

पुनर्विवाहाचा विषय आमच्याकडे अजून दबक्या आवाजात निघतो. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता वीरपत्नीने दिवंगत पतीच्या भावाखेरीज दुसऱ्याशी लग्न केलं तर बंद व्हायचा. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने काढून टाकली. ती इतकी वर्षं होती, त्यामुळे कितीतरी मुलींवर दिराशी लग्न करायचा दबाव आला. ज्यांना ते मनापासून मान्य होतं त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण बाविशीतल्या मुलीला पुढचं आयुष्य कसं जगायचं हे विचारलंच गेलं नाही, अशी घरं मी पाहिली आहेत आणि ते चूक होतं असं मला ठामपणे वाटतं. ताई अशा मुलींना स्वाती महाडिकांची गोष्ट सांगतात. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना गेले. ते साताऱ्याच्या सैनिक शाळेचेच विद्यार्थी. दोन लहान मुलं मागे असताना त्यांच्या पत्नीने वयाची अट शिथिल करून घेऊन चेन्नईच्या अकादमीतलं प्रशिक्षण पुरं केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. सगळ्यांना फौजेत जायचं नसतं. पण आपल्याच जिल्ह्यातल्या बाईने आपला निर्णय आपण घेतला, एवढं त्या मुलींना कळलं तरी पुष्कळ.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आमच्या कामात कायमचा नोंदला गेला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पलूस, भिलवडी, ब्रह्मनाळ, वाळवा, मिरज, सगळीकडे घरं बुडाली. बचावाला लष्कर आलं आणि बोटीतून उतरणाऱ्या म्हातारीने आमच्या माणसाला पहिलं वाक्य सांगितलं ते हे, "ट्रंक ऱ्हायली." पाणी ओसरल्यावर आम्ही घरोघर गेलो. चिखलाने भरलेल्या ट्रंका, डिस्चार्ज बुकाची पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. दोरीवर धुणं वाळत घालावं तसे कागद वाळत घातले. ज्यातला नंबर वाचता आला ते प्रकरण सुटलं म्हणायचं, कारण फौजेत माणूस नंबरावरून सापडतो. नंबर गेला असेल तर मेडलच्या कडेवर कोरलेला नंबर शोधायचा. काही जुन्या मेडलांवर तो असतो. एका घरात कागद सगळे गेले आणि मेडलामुळे काम झालं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक घराचे कागद स्कॅन करून ठेवतो आणि एक झेरॉक्स दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्यायला सांगतो.

जुन्या कागदांत आणखी एक अडचण निघते. १९४९ पर्यंत आताच्या सांगलीचा बराचसा भाग साताऱ्यातच होता. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. १९४९ आधी भरती झालेल्याच्या पुस्तकात तासगाव, खानापूर, वाळवा ही सगळी नावं 'जिल्हा सातारा' म्हणून असतात. त्याच्या मुलीला वडिलांचे कागद शोधायला साताऱ्याला पाठवतात, तिथून सांगलीला. हे एकदा माहीत असलं की चुटकीसरशी सुटतं, माहीत नसेल तर वर्ष जातं.

सगळ्यात बिकट हाल पेन्शन नसलेल्यांचे. शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षं नोकरी व्हावी लागते. १९६२ नंतर मोठ्या प्रमाणात भरती झाली, त्यातले काही जण घरच्या अडचणीने, आजाराने किंवा फौज कमी केली म्हणून मधेच परतले. युद्ध पाहिलेलं असतं, पण पेन्शन नाही. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरच्या अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्राच्या ध्वजदिन निधीतून दरमहा मदत मिळते. ती ४,००० रुपये होती, २०२५ च्या नोव्हेंबरपासून ८,००० झाली. हा निर्णय आला तेव्हा मला खरोखर आनंद झाला. ८,००० रुपयांत म्हातारपण निघतं असं नाही, पण औषधाच्या दुकानात हात पसरावा लागत नाही. हे पैसे मिळतात हेच ठाऊक नसलेले लोक अजून वाड्यावस्त्यांवर आहेत. ते स्वतःला माजी सैनिक म्हणायलाही बिचकतात. "आमची पेन्शन न्हाई, आम्ही कसले सैनिक," असं एक आबा म्हणाले होते. त्यांच्या पिंडरीत १९६५ च्या लढाईतला छर्रा होता.

जखमींबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. गेलेल्याचं स्मारक होतं, पण पाठीचा कणा मोडून घरी परतलेला माणूस चाळीस वर्षं त्याच खोलीत असतो. खडकीला अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. तिथेच कमरेखालचं शरीर निकामी झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. आम्ही इथून काही जणांना तिथे नेलं. चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळणारी माणसं पाहून एकाचा चेहराच पालटला. मुरलीकांत पेटकर आपल्या इस्लामपूरजवळच्या पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. इतकी वर्षं त्यांचं नाव त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातल्या पोरांना माहीत नव्हतं.

धडधाकट परतलेल्यांचंही सगळं बरं असतं असं नाही. सतरा-अठरा वर्षं नोकरी करून माणूस पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. बायकोने त्याच्याशिवाय घर चालवायची घडी बसवलेली असते, मुलं त्याला पाहुण्यासारखी बघतात. साखर कारखान्यावर नाहीतर एटीएमवर सिक्युरिटीची नोकरी मिळते. कुणी दारूकडे वळतो. यात लाज कसली, हे आम्ही उघड बोलतो. निवृत्त होऊन आलेल्याला पहिल्याच महिन्यात आमच्या कामाला जोडून घेतो. त्याला सकाळी जायला जागा मिळते आणि आम्हाला हात मिळतो. २०२२ पासून अग्निवीर भरती सुरू झाली. चार वर्षांनी घरी येणाऱ्या त्या पोरांना पेन्शन असणार नाही. त्यांच्यासाठी आम्हाला काय करता येईल, यावर आमच्या बैठकीत आता दरवेळी बोलणं होतं.

कराडला दर डिसेंबरात विजय दिवस समारोह होतो. कर्नल संभाजी पाटलांनी सुरू केलेला हा सोहळा, १९७१ च्या विजयाच्या आठवणीचा. तिथे वीरमातांचा, वीरपत्नींचा सत्कार होतो. सत्काराने काय होतं, असं म्हणणारे भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. गावात जिला शुभकार्याला कुणी पुढे बोलावत नाही, ती बाई हजारो लोकांसमोर मानाने उभी राहते, आणि तिच्यासारख्या दुसऱ्या बायका तिला तिथे भेटतात. ताईंना त्यांची सगळ्यात जवळची मैत्रीण अशाच एका सत्कारात शेजारच्या खुर्चीवर भेटली. आता त्या दोघी मिळून खानापूर आणि आटपाडीचं काम बघतात.

अलीकडे आम्ही कामाचा रोख बदलला आहे. बायका विधवा झाल्यावर जाण्याऐवजी जवान सुट्टीवर असताना जायचं. चैत्रात गावोगावच्या यात्रा असतात, त्या धरून पोरं सुट्टी काढतात. देवळासमोर मंडपाच्या कडेला आम्ही टेबल टाकून बसतो. जवानाने बायकोला घेऊन यायचं, एकटा आला तर परत पाठवतो. लग्नाची आणि मुलांची नोंद झाली आहे का, नाव आधारशी जुळतं का, इन्शुरन्सला नाव कुणाचं, आईला किती आणि पत्नीला किती हे दोघांनी बसून ठरवलं आहे का, बँकेचं खातं दोघांचं आहे का, हे विचारतो. सुरुवातीला काही घरांतून अभद्र बोलता म्हणून उठवून लावलं. आता सरपंच स्वतः फोन करून यात्रेची तारीख कळवतात. गेल्या चैत्रात शिराळा तालुक्यातल्या एका गावात नवीन लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या आधी टेबलापाशी आली. तिच्या आईचं पेन्शनचं प्रकरण आम्हीच केलं होतं. आपलं माहेरचं नाव तिने बदललं नव्हतं. तिने फाइल समोर ठेवली, सगळ्या कागदांवर एकच नाव होतं, आणि इन्शुरन्सचा अर्ज तेवढा कोरा होता. नवरा पाठोपाठ आला. सासूबाईंनाही तिने हाक मारून बोलावलं आणि तिघांनी टेबलाशी बसून तो भरला.